लेकीचे कॉलेज बदलते आहे, तिने तिथेच राहावे का?

प्रश्न: आमची मुलगी अमेरिकेत मिडवेस्टमधील (मध्य-पश्चिम भागातील) एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात जेमतेम अकराशे विद्यार्थी आहेत. गणित आणि फ्रेंच हे तिचे दोन मुख्य विषय. ऑक्टोबरमध्ये कॉलेजने जाहीर केले की फ्रेंच आणि जर्मन हे मुख्य विषय म्हणून बंद होणार, भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान आणि धर्म-अध्ययन यांचा मिळून एकच विभाग होणार आणि काही प्राध्यापक व कर्मचारी कमी केले जाणार. कॉलेजचे अध्यक्षही जूनमध्ये पद सोडत आहेत. यजमानांचे म्हणणे असे की बुडत्या जहाजात बसून राहण्यापेक्षा तिने आत्ताच एखाद्या मोठ्या विद्यापीठात जावे. फ्रेंच काय, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्येही शिकता आली असती, असेही ते चिडून म्हणतात. मुलगी म्हणते, "माझी माणसं इथे आहेत, मी कुठेही जाणार नाही." फोनवर दोघांचे रोज खटके उडतात आणि मी मध्ये अडकते. कोणाचे ऐकावे?
एक आई, पुणे

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचल्यावर मी आधी कॅलेंडर पाहिले, कारण तुमचा प्रश्न जितका मनाचा आहे तितकाच तारखांचाही आहे. पुढच्या ऑगस्टमध्ये दुसरीकडे प्रवेश घ्यायचा असेल, तर बहुतेक ठिकाणी अर्जाची मुदत मार्चच्या आसपास संपते. म्हणजे तुमच्या हाती अजून काही आठवडे आहेत. ते भांडणात घालवण्याऐवजी माहिती गोळा करण्यात घालवले, तर निर्णय कोणताही झाला तरी तो तुमचा असेल, परिस्थितीने लादलेला नसेल.

मी स्वतः अशाच एका कॉलेजात बावीस वर्षे शिकवले आणि तेथे दोन वेळा विभागांची मोडतोड झालेली पाहिली, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

आधी यजमानांबद्दल लिहिते. त्यांची भीती अनाठायी नाही आणि लेकीने ती झिडकारून लावू नये. न्यूयॉर्क राज्यातले वेल्स कॉलेज १८६८ साली स्थापन झालेले होते. त्या कॉलेजने २९ एप्रिल २०२४ रोजी जाहीर केले की चालू सत्र संपताच कॉलेज कायमचे बंद होईल. परीक्षा तोंडावर आलेल्या मुलांना काही आठवड्यांत पुढची सोय पाहावी लागली. त्याच वर्षी मे अखेरीस अलाबामातले बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेजही बंद झाले. या कॉलेजांत वाईट शिकवले जात होते असे कोणी म्हणणार नाही. अडचण पैशाची होती. अमेरिकेत २००७ साली ४३ लाखांहून अधिक मुले जन्मली, आणि त्यानंतर मंदीच्या काळात जन्मांची संख्या घटत गेली ती पुन्हा त्या पातळीवर आलीच नाही. २००७ ची ती मुले २०२५ मध्ये अठरा वर्षांची झाली, म्हणजे यापुढे कॉलेजात येण्याच्या वयाची मुले वर्षागणिक कमीच होत जाणार. शिवाय खाजगी कॉलेजांच्या माहितीपत्रकात छापलेली फी आणि प्रत्यक्षात हाती येणारी फी यांत मोठे अंतर असते. विद्यार्थी मिळावेत म्हणून कॉलेजे छापील फीच्या निम्म्याहून अधिक रक्कम शिष्यवृत्तीच्या रूपाने सोडून देतात. तुमच्या लेकीलाही तशी सूट मिळत असणार. ज्या कॉलेजाला अकराशे मुलांच्या फीवर चालायचे आहे, त्याला एका वर्षी साठ मुले कमी आली तरी पुढची चार वर्षे ती खोट दिसत राहते, कारण तो वर्ग चारही वर्षे लहानच राहतो.

मात्र बदलणारे कॉलेज आणि बुडणारे कॉलेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्या सारख्याच दिसतात. विषय बंद होणे, विभाग एकत्र येणे, अध्यक्ष जाणे या तिन्ही गोष्टी दोन्हीकडे घडतात. फरक कळतो तो हिशेबाच्या वहीत. ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या अमेरिकन कॉलेजांना दरवर्षी जमाखर्चाचा फॉर्म ९९० भरावा लागतो आणि तो कोणालाही पाहता येतो. यजमानांनी मागच्या पाच वर्षांचे हे फॉर्म काढावेत. उत्पन्नापेक्षा खर्च किती वर्षे जास्त आहे, तूट वाढत चालली आहे की आटोक्यात येत आहे, आणि कॉलेजचा राखीव निधी दरवर्षी किती प्रमाणात उपसला जात आहे, एवढे पाहिले तरी चित्र बरेच स्पष्ट होईल. निधीचा एकूण आकडा पाहून मात्र निश्चिंत होऊ नका. त्यातला मोठा भाग देणगीदारांनी ठरावीक कारणासाठीच दिलेला असतो, एखाद्या शिष्यवृत्तीसाठी किंवा एखाद्या प्राध्यापकपदासाठी, आणि तो पगारासाठी वापरता येत नाही. वेळ आली की कॉलेजला जिवंत ठेवतो तो उरलेला मोकळा पैसा. यासोबत, गेल्या चार वर्षांत पहिल्या वर्षाला प्रत्यक्ष किती मुले आली तो आकडाही मिळवा. त्याचबरोबर मिडवेस्टमधल्या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या हायर लर्निंग कमिशनच्या नोंदीत तुमच्या लेकीच्या कॉलेजसमोर काही इशारा लिहिला आहे का, तेही पाहा. मान्यतेवर देखरेखीचा शेरा असेल, तर माझा सल्ला सरळ आहे: बदलीचे अर्ज आत्ताच भरा. अर्ज भरला म्हणजे कॉलेज सोडले असे होत नाही.

परदेशी विद्यार्थी म्हणून तिच्यासाठी आणखी एक बाब आहे. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर असताना कॉलेज बंद पडले, तर सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदयादीतली तिची नोंद दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थेकडे वेळेत हलवावी लागते, नाहीतर तिचा तेथील कायदेशीर मुक्काम धोक्यात येतो. मुख्य विषय बदलला तरी आय-ट्वेंटी, म्हणजे कॉलेजने व्हिसासाठी दिलेले प्रवेशाचे प्रमाणपत्र, सुधारून घ्यावी लागते. यासाठी तिने आत्ताच, निर्णयाची वाट न पाहता, कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयातल्या अधिकाऱ्याची भेट घ्यावी आणि जे ठरेल ते ईमेलने लिहून मागावे.

आता लेकीबद्दल लिहिते. ती "माझी माणसं" म्हणते, त्याला हळवेपणा समजू नका अशी माझी तुम्हाला आणि विशेषतः यजमानांना कळकळीची विनंती आहे.

आपल्याकडे 'आर्ट्स कॉलेज' म्हटले की कला शाखा डोळ्यांसमोर येते. लिबरल आर्ट्स कॉलेजात भौतिकशास्त्र, गणित, संगणक हे सगळे असते. तिथे नसते ती गर्दी आणि सहसा नसतात पदव्युत्तर विद्यार्थी, त्यामुळे प्राध्यापकाचे सगळे लक्ष पदवीच्या मुलांकडे राहते. माझ्या एका वर्गात अकरा मुले असायची. पहिला निबंध आला की मी तो वाचून परत द्यायची, लिहिणारे मूल माझ्या खोलीत येऊन बसायचे, आम्ही एका परिच्छेदावर वीस मिनिटे बोलायचो, मग तो पुन्हा लिहून यायचा, मग पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी आलेल्या निबंधात मुलगा किंवा मुलगी स्वतःशी विचार करताना दिसायची. दोनशे मुलांच्या व्याख्यानगृहात हे करू पाहणारे जिद्दी शिक्षकही मी पाहिले आहेत, पण त्यांना वेळेचे गणित जमत नाही. तुमच्या लेकीला गणितातली एखादी सिद्धता फळ्यावर अडखळत मांडताना कोणीतरी शांतपणे थांबून ऐकले असणार, आणि फ्रेंचच्या वर्गात तिची चूक कोणीतरी हसत दुरुस्त केली असणार. त्या अनुभवालाच ती 'माणसं' म्हणते आहे, कारण त्याला दुसरे नाव नाही.

तुम्ही पुण्यात राहता म्हणून एक उदाहरण देते. मिनेसोटातल्या नॉर्थफील्ड गावी कार्लटन कॉलेज आहे, साधारण दोन हजार विद्यार्थ्यांचे. तिथे एलिनॉर झेलियट जवळजवळ तीन दशके इतिहास शिकवत होत्या. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीवर त्यांनी केलेले काम आपल्याकडच्या अभ्यासकांना परिचित आहे. मिडवेस्टमधल्या अशा छोट्या कॉलेजांनी एकत्र येऊन चालवलेल्या कार्यक्रमातून कित्येक अमेरिकन मुले पुण्यात येऊन मराठी कुटुंबांत राहिली आणि मराठी शिकली. आपल्या भाषेशी थेट पदवीच्या वर्गात नाते जोडणारी ही कॉलेजे तुमच्या लेकीच्या कॉलेजासारखीच छोटी होती. एक शिक्षिका, एक छोटा वर्ग आणि थोडा पैसा एवढ्यावर त्यांचे काम उभे राहिले. ती शिक्षिका गेली आणि तिच्या जागी कोणी आले नाही, तर त्या कामाचे काय होते, ही बदलाच्या काळातली खरी भीती आहे.

यातून माझा मुद्दा निघतो. पहिल्यांदा आमचे विभाग एकत्र झाले, तेव्हा आम्ही सगळे अभ्यासक्रमांसाठी झगडलो. कोणता विषय राहील, कोणता जाईल, कोणाचे पद वाचेल. त्या गडबडीत विभागाच्या कार्यालयात काम करणाऱ्या बाईंचे पद गेले, तेव्हा आम्ही त्यांच्यासाठी केक आणला, भाषणे केली आणि कामाला लागलो. दर गुरुवारी चार वाजता आमच्या मजल्यावर चहा असायचा. प्राध्यापक, पहिल्या वर्षाची मुले, ग्रंथालयातले कोणीतरी, कधी बागेत काम करणारे काका, असे सगळे एका लांब टेबलाभोवती उभे राहून बोलायचे. पुढच्या सत्रात तो चहा झाला नाही. विजेची किटली कार्यालयातल्या त्या बाईंच्या कपाटात होती. किती कप लागतील, कोणाला दूध चालत नाही, कोणत्या मुलाच्या घरी वाईट बातमी आली आहे म्हणून त्याला मुद्दाम बोलावून आणायचे, हे त्यांनाच माहीत होते. कपाटाची किल्ली मिळाली, किटलीही मिळाली, पण बाकीचे कोणाला ठाऊक नव्हते. वर्षभरात आम्हाला कळले की पहिल्या वर्षाच्या मुलांना आमच्या मजल्यावर यायला संकोच वाटू लागला आहे, आणि दोन वर्षांत आमच्या विषयांकडे येणाऱ्यांची संख्या घटली. अभ्यासक्रम जसेच्या तसे होते. त्यांच्याकडे येणारी वाट मोडली होती.

म्हणून लेकीच्या कॉलेजात काय चालले आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर तिला फक्त "फ्रेंच राहणार का" असे विचारू नका. लोकांना एकत्र आणण्याचे काम तिथे आजवर कोण करत होते आणि ते माणूस राहणार आहे की जाणार, हे विचारा. गणिताच्या विभागात सायंकाळची शंका-निरसनाची बैठक कोण घेते? फ्रेंच बोलण्याचे टेबल कोण चालवते? परदेशी मुलांना नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सुट्टीत, वसतिगृह रिकामे असताना, जेवायला कोण बोलावते? या प्रश्नांची उत्तरे देताना ती ज्या तीन-चार माणसांची नावे घेईल, ती माणसे पुढच्या वर्षी तिथे असणार असतील, तर कॉलेज विभागांची नावे बदलूनही तिच्यासाठी तेच कॉलेज राहील. ती सगळीच जाणार असतील, तर इमारती आणि नाव तेवढे उरेल, आणि मग यजमानांचे म्हणणे मला अधिक पटेल.

व्हरमाँटमधल्या मार्लबरो कॉलेजची एक पद्धत मला फार आवडायची. तिथे गावसभेसारखी सभा भरत असे, आणि त्यात विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी प्रत्येकाला एक मत असे. पैसा पुरला नाही आणि २०२० मध्ये ते कॉलेज बॉस्टनच्या इमर्सन कॉलेजमध्ये विलीन झाले, म्हणजे अशी सभा पैशाची खोट भरून काढते असे मी म्हणणार नाही. पण जिथे मुलांना बदलाच्या चर्चेत बसू दिले जाते, तिथे बदल त्यांच्यावर कोसळत नाही. तुमच्या लेकीच्या कॉलेजात नव्या विभागाची रचना ठरवण्यासाठी समिती नेमली असेल. तीत विद्यार्थ्याची जागा आहे का, हे तिने विचारावे, आणि असेल तर त्या जागेसाठी स्वतःचे नाव द्यावे. गणित आणि भाषा दोन्ही येणारी मुलगी अशा समितीत फार उपयोगी पडते, आणि आकडे समोर आल्यावर तिच्या स्वतःच्या निर्णयालाही धार येईल.

फ्रेंचच्या बाबतीत मात्र तिने आजच एक गोष्ट करावी. विषय बंद करताना, तो आधीच निवडलेल्या मुलांना पूर्ण करता यावा यासाठी कॉलेजे सहसा योजना आखतात. ती योजना तिने लेखी मागावी, आणि तीत नुसते आश्वासन नको. कोणता पाठ कोणत्या सत्रात होईल, तो कोण शिकवील, वर्गात दोनच मुले उरली तरी होईल का, एक सत्र फ्रान्समध्ये काढले तर त्याचे गुण धरले जातील का, हे सगळे त्यात असावे. कॉलेजने असे पत्र खळखळ न करता दिले, तर समजा की तिथे अजून कोणीतरी एकेका मुलाचा विचार करत आहे. "योग्य वेळी कळवू" एवढेच उत्तर आले, तर त्यावरूनही तुम्हाला बरेच कळेल.

मोठ्या विद्यापीठाचाही हिशेब नीट मांडा. दुसऱ्या वर्षानंतर बदली केली तर सगळी क्रेडिट्स (आधी पूर्ण केलेल्या पाठांचे श्रेयांक) धरली जातीलच असे नाही, आणि बहुतेक ठिकाणी पदवीचा ठरावीक भाग त्यांच्याकडेच पूर्ण करावा लागतो. एक सत्र वाढले तरी खर्चात मोठा फरक पडतो. सरकारी विद्यापीठांत परदेशातून आलेल्या बदली विद्यार्थ्याला आर्थिक मदत सहसा फारशी मिळत नाही. सध्या तिला मिळणारी सूट वजा करून आणि वाढीव सत्र धरून दोन्हीकडचा आकडा काढा. कधीकधी बुडण्याच्या भीतीने उडी मारणाऱ्याला किनाऱ्यावर पोहोचायचा खर्चच जास्त पडतो. तो किती पडेल, हे आधी ठाऊक असावे एवढेच माझे म्हणणे आहे.

लेकीला या कॉलेजाबद्दल जीव वाटतो आणि त्यासाठी काही करावेसे वाटते, तर तिच्याशी दोन घटना बोला. व्हर्जिनियातले स्वीट ब्रायर हे मुलींचे कॉलेज बंद करण्याचा निर्णय ३ मार्च २०१५ रोजी जाहीर झाला. माजी विद्यार्थिनींनी तो मान्य केला नाही. त्यांनी पैसा उभा केला, कोर्टात गेल्या, आणि जूनमध्ये तडजोड होऊन कॉलेज चालू राहिले. पुढे त्यांनी छापील फी मोठ्या प्रमाणात उतरवली आणि जुने विभाग मोडून त्यांच्या जागी तीन केंद्रे केली. म्हणजे कॉलेज वाचवणाऱ्यांनाही विभाग मोडावेच लागले, हे तिला मुद्दाम सांगा. दुसरी घटना ओहायोतल्या यलो स्प्रिंग्ज गावची. तिथले अँटिऑक कॉलेज २००८ मध्ये बंद झाले तेव्हा काही प्राध्यापकांनी गावातल्या चर्चमध्ये आणि घरांत वर्ग चालू ठेवले, आणि २०११ मध्ये कॉलेज पुन्हा उघडले. ज्यांनी हे केले त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही मी वीस वर्षांच्या परदेशी मुलीला तिची पदवी आणि व्हिसा पणाला लावून असे करायला सांगणार नाही. ती जबाबदारी माजी विद्यार्थ्यांची, विश्वस्तांची आणि आमच्यासारख्या शिक्षकांची आहे. तिने चहाचे टेबल मांडावे, समितीत बसावे, पहिल्या वर्षाच्या एखाद्या मुलीला आपल्या प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत घेऊन जावे. तिच्या वयाला एवढे पुष्कळ आहे.

कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारले आहे. मी तुमच्या जागी असते तर मध्ये उभी राहणे थांबवले असते. फॉर्म ९९० चे ते पाच वर्षांचे कागद यजमानांनी काढून लेकीला पाठवावेत, तिने गणिताच्या वहीत तूट, निधी आणि प्रवेशाचे आकडे एका पानावर मांडावेत, आणि येत्या रविवारी दोघांनी व्हिडिओ कॉलवर तेच एक पान समोर ठेवून बोलावे. यजमानांच्या भीतीला उत्तर आकड्यांतूनच मिळेल, आणि लेकीला ती भाषा येते. त्या पानाच्या उजव्या बाजूला तिने आपल्या तीन-चार माणसांची नावे लिहावीत आणि प्रत्येकापुढे राहणार की जाणार हे लिहावे. हे पान तयार झाले की, नावे झाकून, मला पाठवलेत तर मी फेब्रुवारी संपण्यापूर्वी नक्की उत्तर देईन.